फलकावरचा नंबर आणि दाराची किल्ली

देवगड तालुक्यात आमच्या गावी समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्याला काकीचा फलक आहे. 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय', खाली बाण आणि बाणाखाली तिचा मोबाईल नंबर. गाडीतून जाताना वाचता यावा म्हणून आकडे चांगले वीतभर उंचीचे काढून घेतलेत. एप्रिल-मे महिन्यात बागेतून निघणाऱ्या हापूसच्या प्रत्येक पेटीवर तोच नंबर असतो. वाडीतल्या दोन-तीन लग्नपत्रिकांवरही तो छापून गेलाय. मागच्या दिवाळीत ती कुठल्याशा ॲपमध्ये नंबर टाकत होती, तेव्हा मी म्हटलं, "काकी, जिथे मागतील तिथे देत जाऊ नकोस." तिने चष्म्यावरून बघितलं. "गो बाय, माझो नंबर रस्त्यार लिवलेलो हा. तेच्यात लपवूचा काय?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. नंबर गुप्त ठेवायचा असतो, असं मीही न तपासता धरून चालले होते. पण ज्या वस्तूचा उपयोगच लोकांना दिल्यावर होतो, ती गुप्त राहणार कशी? काकीचं बरोबर होतं. नंबर गुप्त नसतोच, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

आपल्या मोबाईल नंबरावर आज तीन कामं येऊन पडली आहेत. पहिलं काम पत्त्याचं. कोल्हापूरच्या कुटुंबाला खोली हवी असेल तर ते या नंबरावर फोन करतात. दुसरं ओळखीचं. बँक, रेल्वेचं तिकीट, गॅस, औषधाचं दुकान, फोटो टाकायचं ॲप, सगळीकडे काकी म्हणजे तेच दहा आकडे. तिसरं काम किल्लीचं. पासवर्ड विसरला की त्या नंबरावर ओटीपी येतो आणि तो टाकला की दार उघडतं. पत्ता जितका उघडा तितका चांगला, किल्ली मात्र झाकून ठेवायची. घराची किल्ली काकी कधी फलकाला टांगणार नाही. पण तिची किल्ली कुठे येऊन पडते, ते तिने वीतभर आकड्यांत लिहून ठेवलंय. त्यात तिची चूक काही नाही. पत्त्यालाच किल्ली करायचं ज्यांनी ठरवलं, हा निर्णय त्यांचा.

हे सगळं एका दिवसात झालेलं नाही. भारतात मोबाईल सेवा सुरू झाली ३१ जुलै १९९५ ला. त्यानंतर पंधरा वर्षं कंपनी बदलली की नंबरही बदलायचा, त्यामुळे नंबराला कायमची ओळख मानणं कुणालाच परवडलं नसतं. जानेवारी २०११ मध्ये नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. सोय चांगलीच होती. पण तेव्हापासून नंबर माणसाला चिकटला. लोक घर बदलतात, गाव सोडून मुंबईला जातात, ईमेल विसरतात. नंबर मात्र दहा-पंधरा वर्षं तोच राहतो. असा न बदलणारा, प्रत्येकाचा वेगळा आणि आपणहून हातात येणारा आकडा माहिती गोळा करणाऱ्याला सोन्यासारखा.

का, ते सांगायला आमच्याकडचंच उदाहरण घेते. जमिनीचा गट नंबर एरवी साधा आकडा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तो हातात असला की सातबारा निघतो, फेरफार निघतात, हिस्सेदार किती, बोजा कुणाचा, हे सगळं एका धाग्यात ओवलेलं समोर येतं. मोबाईल नंबर हा माणसाचा गट नंबर झालाय. औषधाच्या दुकानाकडे काकीच्या गोळ्या माहीत आहेत, प्रवासाच्या ॲपकडे तिच्या मुंबईच्या फेऱ्या, किराणा मागवायच्या ॲपकडे घरातली माणसं किती. तीन वह्या तीन ठिकाणी पडून आहेत तोवर प्रत्येकाला तिचा एकेक कोपरा दिसतो. तिन्ही वह्यांच्या पहिल्या रकान्यात एकच नंबर असला की त्या एकमेकींना जोडणं म्हणजे काही सेकंदांचं काम. फलकावरचा नंबर वाचणाऱ्याला एवढंच कळतं की इथे खोली मिळते. जोडलेल्या वह्या वाचणाऱ्याला काकी कळते. लपवायचं आहे ते हे, नंबर नव्हे.

कंपन्या नंबर मागतात त्यामागे खरी कारणंही आहेत, ती आधी मान्य करायला हवीत. फुकटचा ईमेल पत्ता कुणीही दिवसाला शंभर काढू शकतो. सिमला पैसे पडतात, ओळखपत्र लागतं. त्यामुळे नंबर मागितला की हजारो खोटी खाती उघडणं महाग पडतं. पासवर्ड विसरलेल्यांना परत आत घेण्याचाही हा सोपा मार्ग. आणि पासवर्डाच्या जोडीला एसएमएसवर कोड मागणं ही काही नुसती औपचारिकता नाही. गुगलने २०१९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर केलेल्या अभ्यासात, फोनवर पाठवलेल्या कोडमुळे यंत्राने आपोआप होणारे हल्ले १०० टक्के अडले आणि एकाच वेळी अनेकांना गंडवणारे ९६ टक्के. एकाच माणसावर नेम धरून केलेले हल्ले मात्र ७६ टक्केच अडले. म्हणून, दुसरी काही व्यवस्था नसेल तर ओटीपी बंद करा असं मी कुणालाच सांगणार नाही.

राग येतो तो पुढच्या भागाचा. सुरक्षेसाठी म्हणून घेतलेला नंबर सुरक्षेपुरता राहिला नाही. ट्विटरने ऑक्टोबर २०१९ मध्ये स्वतःच कबूल केलं की खात्याच्या सुरक्षेसाठी लोकांनी दिलेले नंबर आणि ईमेल जाहिराती नेमक्या माणसांपर्यंत पोहोचवण्यासाठी वापरले गेले. अमेरिकेत त्याची चौकशी झाली. २०१३ ते २०१९ या काळात १४ कोटींहून अधिक लोकांनी असा तपशील दिला होता, असं त्यात निघालं आणि मे २०२२ मध्ये कंपनीला १५ कोटी डॉलर दंड बसला. फेसबुकचंही तेच. २०१९ मधल्या ५०० कोटी डॉलरच्या तडजोडीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने एक अट मुद्दाम घातली, सुरक्षेसाठी घेतलेले नंबर यापुढे जाहिरातींसाठी वापरायचे नाहीत. अशी अट लिहावी लागली यातच सगळं आलं. माणूस 'माझ्या घराला कुलूप लावा' म्हणून किल्ली देतो आणि कुलूपवाला तिचा ठसा काढून बाजारात देतो, असा हा प्रकार. नंबर द्यायला तयार असलेल्या माणसाचाच विश्वास यात मोडला. मला हे दंडाच्या रकमेपेक्षा मोठं वाटतं.

जाहिरातीसाठी नंबर वापरतात म्हणजे नेमकं करतात काय? समजा काकीकडे आंबा घेणाऱ्या तीनशे लोकांचे नंबर आहेत. जाहिरात विकणाऱ्या कंपनीकडे ती ही यादी चढवू शकते. कंपनी आपल्याकडच्या खात्यांशी ते नंबर जुळवते आणि त्या तीनशे जणांना हापूसची जाहिरात दाखवते. काकी हे करेल तर बिचारा आंबाच विकला जाईल. पण हीच सोय कर्ज विकणाऱ्याला आहे, क्लासवाल्याला आहे, निवडणूक लढवणाऱ्याला आहे.

यावर कंपन्यांचं एक उत्तर ठरलेलं असतं, की आम्ही नंबर जसाच्या तसा पाठवत नाही, त्याचा हॅश करून पाठवतो. हॅश म्हणजे नंबर गणिताच्या जात्यात घालून केलेलं पीठ. पिठाचे परत तांदूळ होत नाहीत, हे खरं. पण भारतातले मोबाईल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणजे फार तर ४०० कोटी. माणसाला ही संख्या अफाट वाटते, चांगला संगणक मात्र एवढे सगळे नंबर दळून बघायला काही मिनिटं घेतो. सगळ्यांचं पीठ करून ठेवलं की हातातलं पीठ कुठल्या तांदळाचं, ते नुसतं ताडून बघायचं. लांबलचक पासवर्डाच्या बाबतीत हॅश उपयोगी पडतो. नंबराच्या बाबतीत तो नुसता पातळ पडदा.

आता आपण नंबर दिलाच नाही तर? इथे गोष्ट आपल्या हातातून निसटते. ॲप उघडताना 'संपर्क पाहू द्यायचे का' असं विचारतं आणि आपण हो म्हणतो, तेव्हा आपण आपली नाही, दुसऱ्यांची माहिती देत असतो. काकीच्या फोनमध्ये नावं अशी आहेत: होडीवाला, डॉक्टर शुगर, भाऊ ठाणे दुसरी बायको, पतपेढी वसुली. यातल्या कुणीही त्या ॲपला नंबर दिलेला नाही. तरी कुणाला साखरेचा त्रास आहे आणि कुणाच्या घरी वसुलीचे फोन जातात, हे काकीच्या एका होकाराने बाहेर गेलं. कर्ज देणाऱ्या काही ॲपनी याचाच वापर करून कर्जदाराच्या नातेवाइकांना फोन करून माणसाची बेअब्रू केली. म्हणून तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कर्जाच्या ॲपनी फोनमधली संपर्क यादी आणि कॉलच्या नोंदी यांना हात लावू नये असं स्पष्ट लिहिलं.

संपर्क जुळवण्याच्या याच सोयीतून फेसबुकची मोठी गळती झाली. १०६ देशांतल्या ५३ कोटींहून अधिक लोकांचे तपशील, त्यात नंबर, एप्रिल २०२१ मध्ये इंटरनेटवर फुकट पडलेले सापडले. आयर्लंडच्या माहिती-संरक्षण नियामकाने त्यासाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये २६.५ कोटी युरोंचा दंड केला. आणि व्हिएन्नातल्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखवलं ते तर फारच साधं होतं. नंबर टाकला की त्यावर व्हॉट्सॲप आहे की नाही ते कळतं, हे आपण सगळे जाणतो. त्यांनी तासाला दहा कोटींहून अधिक नंबर टाकून पाहिले आणि ३५० कोटी खात्यांची यादी तयार झाली. ज्यांचा फोटो सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता, त्यांचा फोटोही मिळाला. मेसेज कुणाचे वाचता आले नाहीत आणि कंपनीने नंतर या विचारणीवर मर्यादा घातली. पण कुलूप न फोडता, निव्वळ एकेक दार ठोठावत कुणी जगभर फिरून येऊ शकतं, हे त्यातून कळलं.

आता काकीचीच एक गोष्ट. तिच्याकडे दुसरं एक सिम होतं. खोल्यांचे फोटो आणि पाहुण्यांचे अभिप्राय असलेलं ऑनलाइन पान तिच्या भाच्याने त्या नंबरावर उघडून दिलं होतं. पावसात पाहुणे नसतात, म्हणून तिने जूनपासून त्या सिमचं रिचार्ज केलं नाही. सिम ९० दिवस वापरलं नाही की कंपनी ते बंद करू शकते. बंद झालेला नंबर आणखी किमान ९० दिवस राखून मग दुसऱ्याला देता येतो. हा नियम काकीला कुणी सांगितला नव्हता, मलाही माहीत नव्हता. शिमग्याला पान उघडायला गेलो तर ओटीपी जात होता विदर्भातल्या एका भल्या माणसाकडे. आमचे पाहुणेही त्यालाच फोन करत होते, "बीचपासून किती लांब आहे?" त्या बिचाऱ्याने दोनदा कोड सांगितला, तिसऱ्यांदा घाबरून फोन ठेवला. योग्यच केलं त्याने. सात वर्षांचे अभिप्राय गेले. आणि हाच माणूस भला नसता तर?

हे आमच्यापुरतं नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये नव्या ग्राहकांना देऊ केलेले २५९ नंबर तपासले, तर त्यातल्या १७१ नंबरांवर आधीच्या माणसाची खाती मोठमोठ्या संकेतस्थळांवर अजून जोडलेली होती. ज्याला सिम मिळालं, त्याच्या हातात दुसऱ्याच्या घराची किल्ली.

सिम चोरून मिळवण्याचाही मार्ग आहे. 'माझा फोन हरवला, त्याच नंबराचं नवीन सिम द्या' असं खोटी कागदपत्रं दाखवून कुणी दुकानातून सिम नेलं की आपल्या फोनची रेंज जाते आणि ओटीपी तिकडे जाऊ लागतात. ट्विटरचे संस्थापक जॅक डॉर्सी यांचं स्वतःचं खातं ऑगस्ट २०१९ मध्ये असंच नंबरावरून बळकावलं गेलं. आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने जुलै २०२४ पासून नियम केला की सिम बदललं की सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येणार नाही. कोकणात यात एक जास्तीचा धोका आहे. रेंज जाणं हे आमच्याकडे रोजचंच, त्यामुळे ती गेली तर कुणाला संशयच येत नाही. घरातल्या इतर फोनना सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, रेंज आहे आणि तुमच्याच फोनला तासन् तास नाही, तर तेवढ्यावर थांबू नका. दुसऱ्याच्या फोनवरून आधी सिम कंपनीला आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर.

रेंजचा विषय निघालाच आहे तर आमचं घर खाली, माडांच्या बागेत. ओटीपी हवा असला की घाटी चढून वर सड्यावर जायचं, तो येईपर्यंत कातळावर उभं राहायचं, मग खाली येऊन टाकेपर्यंत त्याची मुदत संपलेली. कंपन्या जिथे बसून हे ठरवतात तिथे कोड तीन सेकंदांत येत असेल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे वीज आणि मोबाईल कित्येक दिवस बंद होते. तुमची सगळी दारं एसएमएसने उघडत असतील तर वादळात ती सगळी एकदम बंद होतात, आणि पैशांची गरज नेमकी तेव्हाच असते.

म्हणून एक तोडगा मला फार आवडतो, कारण त्याला नंबर लागत नाही आणि रेंजही लागत नाही. ऑथेंटिकेटर नावाची ॲप असतात, ती फोनमध्येच दर तीस सेकंदांनी सहा आकड्यांचा नवा कोड काढतात. फोन विमान मोडवर टाकला तरी चालतं. हे कसं होतं ते मी काकीला भरतीवरून सांगितलं. भरतीची वेळ काढायची तर आपण तिथीची पाऊणपट करतो. चतुर्थी असली तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. देवगडचा माणूस आणि मालवणचा माणूस एकमेकांना फोन न करता एकच वेळ काढतात, कारण दोघांना तिथी माहीत आणि हिशेब माहीत. ऑथेंटिकेटरही असंच. पहिल्यांदा जोडताना कंपनी आणि तुमचा फोन एक गुप्त आकडा आपसात ठरवून घेतात, पडद्यावरचा तो चौकोनी क्यूआर कोड म्हणजे तोच. पुढे दोघंही तो गुप्त आकडा आणि घड्याळातली वेळ यांचा हिशेब करतात आणि दोघांचं उत्तर एकच येतं. हिशेब सगळ्या जगाला ठाऊक आहे, गुप्त आकडा फक्त दोघांना. सिम चोरणाऱ्याला तो मिळत नाही, नंबर दुसऱ्याला गेला तरी मिळत नाही. खोट्या संकेतस्थळावर आपणच कोड टाकला तर मात्र हाही वाचवू शकत नाही, हे विसरू नये.

कायद्याचं थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. कायद्यातच एक सुरेख उदाहरण दिलंय. डॉक्टरांशी फोनवर सल्ला घ्यायचं एक ॲप संपर्क यादी मागतं आणि बाई हो म्हणते. कायदा म्हणतो, सल्ला द्यायला संपर्क यादी लागत नाही, म्हणून त्या यादीपुरता तिचा होकार धरायचाच नाही. काकीला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "असा सांगणारो कोणतरी व्हयो होतो." त्याआधीच, मे २०२३ मध्ये, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना बजावलंय की बिल देण्यासाठी ग्राहकाचा नंबर सक्तीने मागू नये. कपड्यांच्या दुकानात 'नंबर सांगा' म्हटलं की 'नाही देत' असं म्हणता येतं. मी म्हणते, बिल तरीही मिळतं.

सरकारचं पाऊल मात्र उलट्या दिशेलाही पडतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजच्या ॲपना निर्देश दिले की ज्या सिमवर खातं उघडलं ते फोनमध्ये असल्याशिवाय ॲप चालू देऊ नका. परदेशात बसून भारतीय नंबरावरून फसवणारे यामुळे अडतील असं कारण दिलंय, आणि ती फसवणूक खरी आहे. पण यातून नंबर आणि माणूस यांची गाठ आणखी घट्ट होते. त्यापेक्षा नंबर उघड न करता बोलता येईल अशी सोय वाढायला हवी. सिग्नल या मेसेजच्या ॲपने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सुरू केली. खातं उघडायला नंबर अजून लागतो, पण समोरच्याला तो न देता नुसतं ठरवलेलं नाव देता येतं.

आम्ही मग मे महिन्यात, आंब्याची गडबड ओसरल्यावर दोन दुपारी बसलो. कामं दोन सिमवर वाटली. फलकावरचा, पेट्यांवरचा, पत्रिकांवरचा नंबर आता पत्त्यापुरता ठेवलाय. बँक आणि आधार दुसऱ्या नंबरावर नेलं, त्यासाठी दोनदा देवगडला जावं लागलं. तो नंबर घरच्या चौघांशिवाय कुणाकडे नाही, आणि त्याचं रिचार्ज पावसातही चुकवायचं नाही म्हणून दिनदर्शिकेवर खुणा केल्यात. दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर काकीच्या नावावर किती सिम आहेत ते पाहिलं, तर एक आमच्या ओळखीचंच नव्हतं. ते तिथूनच कळवलं. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन घातला, म्हणजे सिम दुसऱ्याच्या हाती गेलं तरी नुसत्या ओटीपीने खातं उघडणार नाही. सात ॲपमधून संपर्क पाहण्याची परवानगी काढली. त्यातलं एक टॉर्चचं होतं.

ईमेल आणि खोल्यांचं नवं पान ऑथेंटिकेटरवर घेतलं. फोन हरवला तर उपयोगी पडावेत म्हणून त्यांनी दिलेले राखीव कोड काकीने स्वतःच्या अक्षरात उतरवले आणि आमच्याकडची दमट हवा लक्षात घेऊन सातबाऱ्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले. तीन खाती मात्र राहिली. त्यांत एक बँकेचं आहे. तिथे एसएमएसशिवाय दुसरा पर्यायच नाही, विचारून पाहिलं. त्यांच्यासाठी काकी अजून घाटी चढून सड्यावर जाते.